शिकार, अभय आणि शेतकरी : न्यग्रोधमृग जातकाच्या प्रकाशात चांद्याच्या जंगलाचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे एक लहान गाव आहे. येथे सापडलेल्या एका शिळेवर दोन भिन्न काळांतील लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी उत्तरकालीन लेख वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा आहे. पूर्वकालीन लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून अक्षरांच्या वळणावरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अशोककालीन मानला. लेख बराच झिजलेला आहे. तथापि त्याचा आशय असा लागतो की, कोणा ‘सामि’ने, म्हणजे स्वामीने, चिकंबरी या ठिकाणी प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केली असून आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. देवटेकजवळचे चिकमारा हे गाव म्हणजेच ती चिकंबरी होय, असे मिराशींचे प्रतिपादन आहे. म्हणजे या जिल्ह्याचा जो लिखित इतिहास आपल्या हाती आहे, त्याच्या अगदी आरंभीच शिकारबंदीची आज्ञा उभी आहे.

आपणां बौद्धांना या शिळेचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला अभिमानापाशी थांबता येत नाही. प्राण्यांना अभय दिले गेले, हे खरे. पण त्या अभयाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होण्यापूर्वीच्या दुआबात, गोंडपिपरी तालुका आहे. तेथील धान आणि कापूस पिकविणारा शेतकरी आज हाच प्रश्न रोज रात्री जागलीवर बसून विचारीत असतो. दोन हजार वर्षांच्या अंतरावरील या दोन टोकांना जोडणारे एक साधन पालि वाङ्मयात आहे. ते म्हणजे न्यग्रोधमृग जातक.

राजाची मृगया आणि प्रजेचा ‘कम्मच्छेद’

या जातकाचा मधला भाग आपल्या विहारांतून नेहमी सांगितला जातो. गर्भिणी हरिणीची पाळी आली असता न्यग्रोधमृग तिच्या जागी आपली मान ठेवतो, आणि त्या करुणेने वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त विरघळतो. मात्र या कथेचा आरंभ आणि शेवट सहसा सांगितला जात नाही. वास्तविक इतिहासाच्या दृष्टीने तेच दोन भाग अधिक मोलाचे आहेत.

आरंभ असा : राजाला मृगयेचे व्यसन होते. रोज शिकारीला जाताना तो नगरातील व जनपदातील लोकांना त्यांची कामे सोडायला लावून बरोबर नेत असे. अट्ठकथेने यासाठी ‘कम्मच्छेद’ असा नेमका शब्द वापरला आहे. कम्मच्छेद म्हणजे कामाचा खंड, कष्टकऱ्याच्या हातातील काम तोडणे. लोक कंटाळले. त्यांनी विचार केला, हा राजा आपली कामे बुडवितो. त्यापेक्षा राजोद्यानात गवत लावावे, पाण्याची सोय करावी आणि अरण्यातील हरणे आत हाकून राजाच्या स्वाधीन करावीत. मग त्यांनी काठ्या आणि शस्त्रे घेऊन रानाला वेढा घातला, झाडेझुडपे बडविली, आरडाओरडा केला आणि कळप उद्यानात कोंडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते मृगोद्यान राजाच्या दयेतून उभे राहिलेले नाही. वेठीला त्रासलेल्या प्रजेने स्वतःची सुटका करून घेण्यासाठी ते उभारले. हरणांचा छळ आणि माणसांची वेठ हे एकाच व्यसनाचे दोन परिणाम होत, हे जातककाराला स्पष्ट दिसत होते.

याच्या जोडीला दुसरी एक वस्तुस्थिती ठेवावी. पालि निकायांत समाज ज्यांना हीन कुळे मानीत असे, त्यांची यादी वारंवार येते : चंडाल, नेसाद, वेण, रथकार आणि पुक्कुस. यांतील नेसाद म्हणजे शिकारी. पोटासाठी जाळे लावणारा नेसाद हीन ठरला आणि करमणुकीसाठी बाण सोडणारा राजा क्षत्रिय म्हणून श्रेष्ठ राहिला. कृत्य एकच, प्रतिष्ठा मात्र जन्मावरून ठरलेली. तथागतांनी हिंसेला कोणत्याही कुळात थारा दिला नाही. परंतु हीन मानलेल्या कुळात जन्मलेला माणूसही अंधारातून प्रकाशाकडे जाऊ शकतो, असे सांगताना त्यांनी याच नेसादाचे नाव घेतले आहे. सम्राट अशोकाने तर राजाच्या शिकारीवरच बोट ठेवले. आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात व तीत मृगया चाले. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षानंतरच्या पाचव्या स्तंभलेखात त्याने अवध्य प्राण्यांची सविस्तर यादी दिली आणि निष्कारण किंवा जीवहिंसेसाठी रान पेटविण्यास मनाई केली. तरीही तेराव्या शिलालेखात अटवीतील, म्हणजे अरण्यातील, लोकांना त्याने दिलेली ताकीद विसरता येत नाही. अरण्यातील पशू आणि अरण्यातील माणूस यांना राज्यसत्ता वेगवेगळ्या दृष्टीने पाहते, याची ही जुनी खूण आहे.

चांद्याची पारध आणि साहेबांचा हाका

चांद्याच्या स्थापनेची दंतकथाही शिकारीचीच आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह झरपट नदीच्या परिसरात शिकारीला गेला असता एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ज्या भूमीत ससा कुत्र्याला पळवितो, ती सामर्थ्याची भूमी, असे मानून तेथे नगर वसविले, असे सांगतात. कथा ऐतिहासिक नसेल. पण राजा आणि मृगया यांचे नाते लोकमनात किती घट्ट होते, हे तिच्यातून दिसते.

गोंड प्रजेची पारध मात्र वेगळ्या स्वरूपाची होती. ती गावाने मिळून करावयाची, मिळालेले मांस वाटून घ्यावयाचे, आणि ज्या प्राण्याला कुळाने आपले चिन्ह मानले त्याला हात लावावयाचा नाही, अशी तिची बंधने होती. वाघाकडे हे लोक देव म्हणून पाहत. ताडोबाचे नावच तारू या गावप्रमुखावरून पडले, अशी आख्यायिका आहे. वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि तलावाच्या काठी त्याचे ठाणे झाले. वाघाने मारलेल्या माणसाला देवत्व देणारा आणि वाघालाही देव मानणारा हा समाज भीतीसह जगणे शिकलेला होता.

इ. स. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ पासून चांदा इंग्रजी अमलाखाली आला. येथून सर्व व्यवस्था बदलली. एकीकडे सरकारने मारलेल्या वाघ-बिबट्यांमागे रोख बक्षिसे लावली. दुसरीकडे १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव केली. त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याची झाली. परिणामी पोटासाठी फास लावणारा गुन्हेगार ठरला आणि परवाना घेऊन छावणी टाकणारा साहेब ‘शिकारी’ म्हणून मिरविला. पारध हाच ज्यांचा वंशपरंपरागत उद्योग, त्या पारधी समाजातील लोकांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला, तो १९५२ साली कायद्यातून पुसला गेला, समाजाच्या मनातून अद्याप पुसलेला नाही. नेसादाची कथा अशी नव्या कायद्यात पुन्हा लिहिली गेली.

साहेबाच्या आणि जमीनदाराच्या शिकारीत प्रत्यक्ष हाका कोण देत असे? ढोल, डबे आणि काठ्या घेऊन रानातून वाघाला बंदुकीच्या दिशेने रेटणारी माणसे गावातीलच होती. गावचा कोतवाल बहुधा महार असे. वाघाने जनावर मारल्याची खबर पोचविणे, साहेबाच्या छावणीला लाकूडफाटा व पाणी पुरविणे, सामान वाहणे, वाट दाखविणे ही कामे त्याच्या आणि गोंड-माना गड्यांच्या अंगावर पडत. मचाणावरचा माणूस सुरक्षित. जमिनीवर चालणारा हाकेवाला जखमी वाघाच्या वाटेत. शिकारीच्या आठवणींची पुस्तके साहेबांनी लिहिली, आणि हाकेवाल्यांची नावे त्यांत क्वचितच आली. ब्रह्मदत्ताच्या काळचा कम्मच्छेद येथे वेठबेगार या नावाने जिवंत होता. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख अशाच बिनमोलाच्या गावकामावर होता. मध्य प्रांतातील कायदा वेगळा असला, तरी पाठीवरचे ओझे तेच होते.

या शिकारीने जंगल किती रिते केले, ते पुढे कळले. मध्य प्रांतालगतच्या कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास राजाने तीन चित्ते मारले. देशातील चित्त्याची ती शेवटची निश्चित नोंद मानली जाते आणि १९५२ साली तो भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. चांद्याच्या दक्षिणेकडील अरण्यांतील रानम्हैस सिरोंचा भागातील कोलामार्का परिसरापुरती उरली. तिच्यासाठी २०१३ साली तेथे संवर्धन राखीव क्षेत्र करावे लागले. स्वातंत्र्यानंतरही परवान्याची शिकार चालूच होती. वाघाच्या शिकारीवर १९७० साली देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात फक्त १८२७ वाघ आढळले.

अभयारण्यांचा काळ

ताडोबात १९३५ सालीच शिकारबंदी झाली होती. १९५५ साली ते महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांनंतर १९८६ साली अंधारी अभयारण्य आणि गडचिरोलीतील चपराळा अभयारण्य घोषित झाले. १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०२१ साली गोंडपिपरी परिसरातील वनविकास महामंडळाच्या जंगलाचे कन्हाळगाव (कन्हारगाव) अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६९ चौरस किलोमीटर आहे. ‘अभयारण्य’ हा शब्द आपण आता इतका सहज वापरतो की, त्यातील ‘अभय’ हे जातकातील राजाने हरणांना दिलेले तेच अभय आहे, याचा विसर पडतो.

या संरक्षणाला फळ आले, हे मान्य केलेच पाहिजे. २००६ साली महाराष्ट्रात वाघांची संख्या १०३ अंदाजण्यात आली होती. २०२२ च्या अंदाजात ती ४४४ झाली. देशातील संख्या याच काळात १४११ वरून ३६८२ पर्यंत गेली. महाराष्ट्राच्या या वाढीत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. येथील तरुण वाघ नवे क्षेत्र शोधीत नदीकाठाने दक्षिणेकडे सरकतात, वर्धा नदी ओलांडून तेलंगणातील कागजनगरच्या जंगलापर्यंत पोचतात. त्यांच्या वाटेवर गोंडपिपरीची शेते आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि धानाच्या बांध्यांना एक नवाच पाहुणा मिळाला. चंद्रपूर शहरालगतच्या औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांतही वाघ-बिबटे वावरतात. तेव्हा रान कोठे संपते आणि वस्ती कोठे सुरू होते, ही रेषाच पुसट झाली आहे.

या वाढीची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. गोंडपिपरीच्या पलीकडच्या तीरावर राजुरा परिसरात एका वाघाने आठ माणसे मारली. २७ ऑक्टोबर २०२० रोजी तो पकडला गेला. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. या बळींकडे बारकाईने पाहिले तर एक क्रम दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणारे, मेमध्ये तेंदूपाने तोडणारे, पावसाळ्यात गुरे राखणारे, आणि पीक उभे असताना बांधावर जागणारे. त्यांत मोठा भाग भूमिहीन व अल्पभूधारक आदिवासी, बौद्ध आणि इतर कष्टकरी कुटुंबांचा असतो. पहाटेच्या अंधारात वाकून मोह वेचणारी स्त्री ही पर्यटक नव्हे. वाघ पाहण्यासाठी पैसे मोजून आलेल्या माणसाला ज्या दर्शनाचा आनंद होतो, त्याच दर्शनात तिचा मृत्यू असतो.

वाघाहूनही रोजचा त्रास रानडुकरांचा, रोह्यांचा आणि चितळांचा आहे. एका रात्रीत उभा धान आडवा होतो. मग काही शेतकरी कुंपणात विजेची जिवंत तार सोडतात. त्या तारेला डुक्कर लागते, कधी वाघ लागतो, आणि कधी शेजारचा शेतकरीच लागतो. तार लावणारा तुरुंगात जातो. कृत्य बेकायदा आणि घातक आहे, यात वाद नाही. परंतु तेथपर्यंत तो का पोचला, हे विचारल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही.

जातकाचा उत्तरार्ध

आता न्यग्रोधमृग जातकाचा शेवट पाहू. राजाने प्रथम दोन्ही कळपांना, मग उद्यानाबाहेरील हरणांना, मग सर्व चतुष्पादांना, पक्ष्यांना आणि जलचरांना अभय दिले. सामान्य नीतिकथा येथे संपली असती. जातककार मात्र पुढे जातो. अभय मिळालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागली. राजाज्ञेमुळे त्यांना मारण्याची सोय नव्हती. तेव्हा शेतकरी राजांगणात जमले आणि त्यांनी गाऱ्हाणे मांडले. राजाने उत्तर दिले की, राज्य सोडीन, पण दिलेला शब्द मोडणार नाही. शेतकरी रिकाम्या हाताने परतले. ही वार्ता न्यग्रोधमृगाच्या कानी गेली. त्याने कळप जमवून परक्याचे पीक खाण्यास मनाई केली आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला की, यापुढे कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पानांची खूण बांधा. तीच ‘पण्णसञ्ञा’. खूण पाहून हरणे शेत टाळू लागली.

हरणे उपदेश ऐकत नाहीत, हे जातककारालाही ठाऊक असणार. म्हणून या शेवटाकडे उपाय म्हणून न पाहता न्यायाचा विचार म्हणून पाहिले पाहिजे. त्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, अभयामुळे शेतकऱ्याचे नुकसान होते, ही तक्रार खरी आहे आणि ती ऐकली गेली पाहिजे. दुसरी, त्या तक्रारीमुळे अभय मागे घेतले जात नाही. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, शब्द पाळण्यात राजा जितका दृढ, तितकाच शेतकऱ्याच्या बाबतीत तो उदासीन ठरतो. ती जबाबदारी ज्याने अभय मागितले तो बोधिसत्त्व स्वतःकडे घेतो. ज्याच्या मागणीवरून प्राण्यांना अभय मिळाले, त्याने माणसाच्या पिकाची हमीही द्यावी, असा हा धम्मन्याय आहे. आजच्या हरणांना समजावणारा न्यग्रोधमृग नाही. म्हणून ती हमी अभय देणाऱ्या शासनावर आणि वाघ वाचावा अशी इच्छा धरणाऱ्या आपणां सर्वांवर येते.

यावर कोणी म्हणेल, मग पुन्हा शिकार खुली का करू नये? याचे उत्तर व्याघ्र जातकात आहे. एका रानात सिंह आणि वाघ राहत. त्यांच्या भीतीने कोणी झाड तोडण्यास धजत नसे. त्यांनी टाकलेल्या सांगाड्यांच्या दुर्गंधीला कंटाळून एका वृक्षदेवतेने त्यांना पळवून लावले. बोधिसत्त्व असलेल्या दुसऱ्या वृक्षदेवतेचा इशारा तिने मानला नाही. वाघ गेल्याचे कळताच लोकांनी प्रथम एक बाजू तोडली, नंतर सारे रान तोडून शेते केली. देवतेने विनविले, तरी वाघ परतले नाहीत. ज्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि एकजिनसी सागाची लागवड यांनी मिश्र जंगल मागे रेटले, तेथे ही कथा अधिक स्पष्टीकरणाची अपेक्षा करीत नाही. वाघ गेला तर रान जाईल, आणि रान गेले तर मोह, तेंदू व पाणी यांवर जगणारा गरीबच प्रथम उघडा पडेल.

बाबासाहेबांची कसोटी

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चंद्रपूर येथे हजारो बांधवांना दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. चांद्याच्या मातीत घेतलेली ती प्रतिज्ञा वाघाला आणि हरणाला वगळत नाही. त्याच वेळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची केलेली मीमांसा आपण नजरेआड करता कामा नये. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे ते मानतात. आणि मारण्याची गरज व मारण्याची हौस यांत ते भेद करतात.

या कसोटीवर आपला इतिहास घासून पाहावा. ब्रह्मदत्ताची, गोंड राजाची आणि साहेबाची मृगया ही हौस होती. तिचे समर्थन होऊ शकत नाही. माणसांवर सतत हल्ले करणाऱ्या वाघाला पकडणे किंवा अन्य मार्गच उरला नाही तर मारणे, पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांचा रीतसर परवानगीने बंदोबस्त करणे, ही गरज आहे. १९७२ च्या कायद्याचे अकरावे कलमही तेवढी वाट ठेवते. मात्र ज्या शेतकऱ्याला अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांतच हंगाम घालवावा लागतो, त्याच्यासाठी ही वाट कागदावरच राहते. मृताच्या कुटुंबाला द्यावयाची रक्कम २०२२ साली २० लाख रुपये करण्यात आली आणि पुढे आणखी वाढली. हे योग्यच झाले. पण मरणानंतरची भरपाई म्हणजे अभय नव्हे.

खरी पण्णसञ्ञा कोणती, याचा शोध आपल्याच मुलखात घेता येतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविले आणि जंगलाची राखण व उत्पन्न दोन्ही ग्रामसभेच्या हाती आणली. जेथे रान गावाचे असते, तेथे वाघाची वाट कोणती आणि माणसाने कोणत्या वेळी कोठे जाऊ नये, हे गाव स्वतः ठरवू शकते. जंगलालगतच्या शेतांना रात्रीऐवजी दिवसा वीज मिळाली, तर पाणी देण्यासाठी अंधारात बांधावर जावे लागत नाही. सरपणाची आणि मजुरीची दुसरी सोय झाली, तर पहाटे एकटीने रानात शिरावे लागत नाही. नुकसानीचा पंचनामा पिकाची कापणी होण्यापूर्वी झाला, तर कुंपणात तार सोडण्याचा मोह कमी होतो. या साध्या गोष्टी आहेत. त्या मागणे म्हणजे वन्यजीवांना विरोध करणे, असा समज मात्र खोडून काढला पाहिजे.

देवटेकच्या शिळेवरील आज्ञा प्राण्यांना मारू नका, एवढेच सांगते. राज्यसत्तेला तेवढे सांगणे सोपे असते. न्यग्रोधमृग जातक त्यापुढे जाऊन राजांगणात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे नोंदवून ठेवते. गोंडपिपरीचा शेतकरी आजही त्या अंगणात उभा आहे. वाघाला अभय दिले, ते कायम राहावे. आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसालाही तेच अभय मिळावे. मैत्रीच्या भावनेत ‘सब्बे सत्ता’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत हे दोघेही येतात.